समेट मुलांसमोर व्हावा

मुलांसमोर आईबापांनी भांडू नये, हा दंडक आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत आणि त्यामागील सद्‌हेतूविषयी कोणी शंका घेणार नाही. तथापि परदेशातील आपल्या संसारांत तो ज्या रीतीने पाळला जातो ते पाहता, त्यामुळे मुलांचे रक्षण होण्याऐवजी अहितच अधिक होत असावे, असे माझे मत झाले आहे. जेवणाच्या टेबलावर चढलेला आवाज, त्यामागून आलेला अबोला आणि दाणकन लागलेले दार हे सारे मुलांना कळतेच. त्यांच्यापासून खरोखर लपून राहतो तो केवळ मागाहून झालेला समेट.

पूर्वीच्या एकत्र कुटुंबात फिर्याद आजीपाशी जाई, आत्या किंवा काकू मध्यस्थी करी आणि रुसवा कसा निघतो ते माजघरात खेळणारी मुले पाहत असत. त्या पंचायतीत सुनेच्या वाट्याला न्याय क्वचितच येई, हे विसरून त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एडिसन किंवा मिसिसागा येथील घरात मोठी माणसे दोनच, आणि त्यांचेही बोलणे हळूहळू घरकर्जाचा हप्ता नि पोहण्याच्या शिकवणीला कोणी सोडायचे एवढ्या कारभारापुरते उरते. अशा घरात अबोला धरला गेला की ‘बाबांना सांग, जेवण झालंय’ असे निरोप पोचविण्याचे काम आठ वर्षांच्या मुलाकडे येते आणि कोणाची बाजू घ्यावी या पेचात ते नकळत सापडते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी मोठ्यांच्या भांडणांचा मुलांवर काय परिणाम होतो याचा दीर्घकाळ अभ्यास केला. मिटलेल्या तंट्यापेक्षा न मिटलेला तंटा, मग तो मूक अबोल्याचा का असेना, मुलांना अधिक अस्वस्थ करतो. इतकेच नव्हे, तर दाराआड झालेला समेट नंतर सांगितला तरी मुलांना दिलासा मिळतो, असे कमिंग्ज यांना आढळले.

आपल्या वाङ्मयात याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1895 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली आणि पुढे तो संसार पुन्हा उभा राहिला. हे सर्व, रोजच्या खटक्यांसह, लक्ष्मीबाईंनी निर्मळ विनोदाने सांगितले आणि त्यांच्या निधनानंतर उरलेला भाग पूर्ण केला तो त्यांच्या पुत्राने, देवदत्त टिळकांनी. आईबापांच्या कलहाबरोबर त्यांचे मनोमीलनही ठाऊक असलेल्या मुलाला तो वृत्तांत जगापुढे मांडण्यात संकोच वाटला नाही.

यावर कोणी म्हणेल की, मोठ्यांच्या भानगडींचा भार कोवळ्या मनांवर का घालावा? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मर्यादा हवी. दांपत्याच्या खाजगी गोष्टी, सासरमाहेरची उणीदुणी आणि एकमेकांची मानहानी यांना मुलांसमोर मुळीच थारा नसावा. आणि जिथे हात उगारला जातो तिथे भांडण नसून अत्याचार असतो, तेव्हा तिथे समेटाचा उपदेश न करता बाहेरचे साह्य तात्काळ घ्यावे. पण सुट्टीत भारतात कोणाच्या घरी किती दिवस राहायचे, नोकरीसाठी गाव सोडायचे की नाही, असे मतभेद मुलांनी ऐकले तर बिघडत नाही. अट एवढीच की त्या मतभेदांचा शेवटही मुलांच्या कानी पडावा.

त्यासाठी फार मोठा समारंभ नको. ‘काल मी तुझ्या आईला टाकून बोललो, ते चुकलं, आम्ही बोललो आणि आता असं ठरलंय’ एवढे दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी बापाने सरळ सांगावे, आणि चूक आईची असेल तर तिनेही तसेच करावे. माघार घेतल्याने मोठेपण उणावत नाही, हे उपदेशाने सहसा कोणी शिकत नाही, ते घरात पाहावे लागते. आणि उद्या स्वतःचे संसार थाटताना या मुलांना आपल्याकडून सर्वात जास्त उपयोगी पडेल अशी विद्या हीच आहे.