ठसा कोणाचा?

गेल्या नवरात्रांत आमचा पुतण्या त्वरितादेवीच्या दर्शनासाठीं पुण्याहून तलवाड्यास आला होता. देवीचा डोंगर उतरून घरीं आल्यावर, पानावर बसतांच त्यानें विषय काढिला. "काका, तुमची निवृत्तीची रक्कम बँकेंत नुसती पडून आहे. त्यांतले दोन लाख मला द्या. मी तुमच्या नांवें बिटकॉइन घेऊन ठेवितों." आम्हीं विचारिलें, "त्यास जामीन कोण?" तो हंसून म्हणाला, "आतां सरकारच त्याजवर कर घेतें, काका. म्हणजे मान्यता मिळालीच कीं!"

हाच युक्तिवाद आज पुष्कळ घरांतून ऐकूं येत असावा, म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

नाण्याचा प्रश्न आमच्या वाडवडिलांस नवा नव्हता. बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत, तेथें हाली शिक्का चाले. शेजारच्या नगर जिल्ह्यांत इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपये दिले म्हणजे सुमारें सहा कलदार मिळत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता लयास गेली. परंतु लोकांच्या गांठीचा हाली रुपया त्या दिवशीं मातीमोल झाला नाहीं. भारत सरकारनें तो आणखी कांहीं वर्षें चालूं दिला, सातास सहा या प्रमाणांत त्याचा निकाल लाविला, आणि १९५९ सालीं तो कायमचा बंद झाला. राजा गेला, तरी त्याच्या ठशाचें देणें मानणारा कोणी मागें उभा होता.

'रुपया' या शब्दांतच ही गोष्ट आहे. पाणिनीनें 'रूप्य' हा शब्द 'आहत', म्हणजे ठसा उमटविलेलें, या अर्थीं साधिला आहे. कौटिल्यानें तर टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष नेमिला, व नाणीं पारखण्यासाठीं रूपदर्शक म्हणून निराळा अधिकारी सांगितला. पाडणारा एक व पारखणारा दुसरा, हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे.

बिटकॉइन हें नाणें २००९ सालीं निघालें. त्यावर कोणत्याहि राजाचा ठसा नाहीं. सर्व व्यवहारांची एकच वही हजारों संगणकांवर एकाच वेळीं लिहिली जाते. म्हणून खोटें नाणें पाडणें जवळजवळ अशक्य आहे, आणि एकूण नाणीं दोन कोटी दहा लाखांहून अधिक व्हावयाचीं नाहींत असा नियमच आहे. हें बुद्धीचें काम आहे, यांत शंका नाहीं. परंतु सामान्य माणूस तें नाणें स्वतःजवळ राखीत नाहीं. तो तें मोबाईलवरील एखाद्या पेढीकडे ठेवितो. नाणें अस्सल असलें, तरी पेढी अस्सल आहे कीं नाहीं, हें कोण पाहणार?

आपल्याकडील इतिहास थोडक्यांत असा. ६ एप्रिल २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें या व्यवहारांस सेवा देण्याची बँकांना मनाई केली. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई प्रमाणाबाहेरची ठरवून रद्द केली. २०२२ च्या अर्थसंकल्पानें नफ्यावर ३० टक्के कर बसविला, व एका नाण्यांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा करण्याची मुभा ठेविली नाहीं. मार्च २०२३ मध्यें या पेढ्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखालीं आल्या. यांतील शेवटचे दोन उपाय पाहावे. पहिल्यानें सरकारचा वांटा वसूल होतो. दुसऱ्यानें गुन्हेगाराचा पैसा हुडकतां येतो. ठेवीदाराचा पैसा बुडाल्यास तो भरून देण्याची सोय दोहोंत नाहीं.

कर म्हणजे हमी नव्हे. सोडतीच्या बक्षिसावरहि सरकार ३० टक्केच घेतें; म्हणून सोडतीचें तिकीट ही कांहीं ठेव होत नाहीं. उलट बँक बुडाली, तर २०२० पासून दर ठेवीदारास पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. हमी म्हणतात ती ही.

याचा प्रत्यय फार दूर शोधावयास नको. 'गेनबिटकॉइन' नांवाच्या योजनेंत दरमहा १० टक्के, तेंहि १८ महिने, देण्याचें आमिष होतें. तिजविरुद्ध २०१८ सालीं पुण्यांत गुन्हे नोंदले गेले. ती तर उघड लबाडीची तक्रार. पण मुंबईच्या 'वझीरएक्स' या प्रसिद्ध पेढीवर १८ जुलै २०२४ रोजीं चोरट्यांनीं संगणकाच्या मार्गानें सुमारें तेवीस कोटी डॉलरांचा दरोडा घातला. ग्राहकांचीं खातीं वर्षाहून अधिक काळ गोठलीं, आणि तोडग्याची योजना मंजूर झाली ती सिंगापूरच्या न्यायालयांत! पेढी मुंबईची, ग्राहक आपले, आणि दाद समुद्रापलीकडे.

अमेरिकेंतहि या वस्तूवर देखरेख रोखेबाजाराच्या मंडळानें करावी कीं वायदेबाजाराच्या, हा वाद वर्षानुवर्षें चालला. परंतु त्या दरोड्यास बरोबर एक वर्ष झालें त्याच दिवशीं, १८ जुलै २०२५ रोजीं, तेथें एक कायदा झाला. डॉलरशीं किंमत बांधलेलीं डिजिटल नाणीं काढणाऱ्यानें प्रत्येक नाण्यामागें तितकीच रोकड किंवा अल्प मुदतीचे सरकारी रोखे ठेवावे, व दरमहा त्याचा हिशेब प्रसिद्ध करावा, असा त्याचा आशय आहे. तो बिटकॉइनास लागू नाहीं. परंतु पारखी नेमण्याची सुरुवात म्हणून आम्ही तो योग्य समजतों. आपल्या सरकारनेंहि कर वसूल करण्याइतकीच तत्परता पेढ्यांची तपासणी व ठेवीदाराचें संरक्षण यांत दाखवावी.

पुतण्यास आम्हीं हें सर्व सांगितलें. तो म्हणाला, "काका, अशानें तुम्ही मागें राहाल." आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझ्या कमाईंतील जें गेलें तरी झोंप उडणार नाहीं, तें तूं लाव. आम्ही बोलणार नाहीं. पण या दोन लाखांवर तुझ्या काकूचें म्हातारपण आहे." तो थोडा रुसूनच गेला, हें लपवीत नाहीं. भाव चढला, तर पुढल्या नवरात्रांत आम्हांस टोमणेहि ऐकावे लागतील; ते आम्ही ऐकूं.

वाचकांस विनंती इतकीच. घरांतील मुलानें असा आग्रह धरिला, तर त्यास मूर्ख म्हणूं नये. तीन प्रश्न विचारावे. हें नाणें कोणाजवळ राहणार? तें बुडालें तर भरून कोण देणार? आणि दाद कोणत्या गांवीं मागावयाची? तिन्हींचीं उत्तरें मिळेपर्यंत निवृत्तीचा पैसा व घरांतलें सोनें हलवूं नये.