आमचे मेले तेही, आम्ही मारले तेही
शाळांतील स्मरणासाठी जाहीरनामा : विद्याधर नगर, जयपूर

आम्ही विद्याधर नगरातली मराठी कुटुंबे. पोटापाण्यासाठी जयपुरात आलो आणि इथलेच झालो. आमच्या मुलांना हत्याकांड माहीत असते ते सन, ठिकाण आणि मृतांचा आकडा एवढ्यापुरते. परीक्षा संपली की तेही पुसले जाते. हे आम्हाला मान्य नाही.

याच शहरात जानेवारी 1751मध्ये मराठ्यांची कत्तल झाली. शिंदे-होळकरांच्या छावणीतली माणसे नवे शहर पाहायला, बाजार करायला तटाच्या आत गेली होती. रहिवासी त्यांच्यावर तुटून पडले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. पण हे सांगायचे तर आधीचा महिनाही सांगायला हवा. मराठ्यांचा खंडणीचा तगादा होता, होळकरांची फौज चालून येत होती आणि डिसेंबर 1750मध्ये जयपूरचा राजा सवाई ईश्वरीसिंह याने आत्महत्या केली होती. कारण सांगितले म्हणून कत्तल क्षम्य ठरत नाही.

ज्यांच्या नावाने आमची वस्ती आहे, ते जयपूरचे रचनाकार विद्याधर भट्टाचार्य बंगाली. त्याच बंगालवर 1742पासून नागपूरकर भोसल्यांचे स्वार तुटून पडत होते. गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात त्यांचे वर्णन आहे: रुपये मागायचे, न देणाऱ्याच्या नाकात पाणी भरायचे, गावे जाळायची. बंगाली अंगाईत हे स्वार ‘बर्गी’ म्हणून आजही येतात. आपल्या घरांत मात्र हा विषय निघत नाही.

तिसरे नाव मानगढचे. बांसवाड्याच्या त्या टेकडीवर गोविंद गुरूंचे भिल्ल अनुयायी जमले होते. वेठबिगार आणि जुलमी कर थांबवा, हे त्यांचे मागणे. 17 नोव्हेंबर 1913 रोजी इंग्रज आणि संस्थानी फौजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोकस्मृतीत मृतांचा आकडा 1500 आहे, सरकारी दप्तरात तो फारच लहान.

1948च्या संयुक्त राष्ट्र करारातली वंशसंहाराची व्याख्या या तिन्हींना लागू पडेलच असे नाही. पण माणसे माणसांना मारायला कशी तयार होतात, ते या तिन्हींतून शिकता येते. रवांडात 1994मध्ये शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. त्याआधी रेडिओवरून, पुढे मारल्या गेलेल्यांना झुरळे म्हटले जात होते.

म्हणून आम्ही मागतो :

1. आठवीपासून दरवर्षी एका हत्याकांडाचा सविस्तर अभ्यास व्हावा. त्याला गुण नसावेत.

2. राज्यकर्त्यांचे कागद आणि पीडितांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचाव्यात. आकडे जुळत नसतील, तर का जुळत नाहीत, हे मुलांनीच शोधावे.

3. आपल्या लोकांनी केलेले एक तरी हत्याकांड अभ्यासात असलेच पाहिजे.

4. आधीच्या पायऱ्या शिकवाव्यात: अफवा, हिणवणारी नावे, याद्या, बहिष्कार, बघ्यांची गर्दी.

5. पूर्वजांच्या कृत्याचा जाब कोणत्याही मुलाला विचारू नये. प्रेतांची चित्रे दाखवून संताप चेतवू नये.

6. सहलीत किल्ले-महालांबरोबर मानगढही असावे.

या चळवळीला वर्गणी नाही, पद नाही, पक्ष नाही. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, कोणीही यावे. राजस्थानी, बंगाली, भिल्ल शेजारी तर अवश्य यावेत. तोवर एक काम आजच करा: शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि येत्या 17 नोव्हेंबरला मानगढसाठी एक तास मागून घ्या.