विश्लेषण : गाडी ‘एमएच-०७’, विमानतळ गोव्यात, सीमेपलीकडे पार्किंग आणि वाहतुकीचे नियम काय?

बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग परिसरातल्या लोकांसाठी विमान पकडणे म्हणजे राज्याची हद्द ओलांडणे झाले आहे. सिंधुदुर्गाचा स्वतःचा विमानतळ चिपीला आहे, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. पण तिथली उड्डाणे मोजकीच. त्यानंतर ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली आणि अख्ख्या पट्ट्याची पावले तिकडे वळली. गाडी दारातली, रस्ता ओळखीचा. तरीही पत्रादेवीचा नाका ओलांडताना शंका असतेच. गोव्यात एमएच गाडी चालते ना? चार दिवस तिथे ठेवली तर? शेजाऱ्याने सोडले आणि त्याला डिझेलचे पैसे दिले तर?

परराज्यात खासगी गाडीसाठी परवाना लागतो का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य असते. वाहन चालवण्याचा परवानाही देशभर चालतो आणि थर्ड पार्टी विमाही. गाडी मालकानेच चालवली पाहिजे असेही नाही. भाऊ, मेहुणा, मित्र कोणीही चालवू शकतो, फक्त त्याच्याकडे वैध परवाना हवा. कागदपत्रे ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एमपरिवहन’ अॅपमध्ये दाखवली तरी चालतात. मात्र व्हॉट्सअॅपवर आलेला आरसी बुकचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हा घोळ अजून बरेच जण करतात. गोव्यात झालेले ई-चलन ‘परिवहन’ पोर्टलवर तुमच्या गाडीच्या नंबरासमोर दिसते, त्यामुळे हद्द ओलांडून परत आलो म्हणजे सुटलो असे होत नाही.

मग अडचण कुठे येते?

गाडी पैसे कमवू लागली की. कायदा हद्दीपेक्षा गाडीचा वापर पाहतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यापोटी प्रवासी नेऊ लागली, तर तिला कलम ६६ खाली परवाना लागतो. तो नसेल तर कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीमाभागात हा प्रश्न रोजचा आहे, कारण इथे ‘सोडायला येतोस का रे’ ही एक व्यवस्थाच आहे. पहाटेचे विमान असते, एसटीची वेळ जुळत नाही आणि वाडीतला कोणीतरी आपली गाडी काढतो. त्याच्या हातात पेट्रोलचे पैसे ठेवणे हे आपल्याकडे व्यवहाराचे नव्हे, रीतीचे मानले जाते.

कायदा ही रीत ओळखत नाही, पण तो नात्यागोत्यातल्या मदतीच्या मागेही लागत नाही. भावाने सोडले आणि तुम्ही टाकी भरून दिलीत, याला कोणी धंदा म्हणणार नाही. तोच तरुण आठवड्यातून चार वेळा, ठरलेल्या दराने, ग्रुपवर मेसेज टाकून फेऱ्या मारू लागला, तर मात्र तो भाड्याचा व्यवसाय ठरतो. दंड त्यातला लहान भाग आहे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर करण्यास मनाई असते. अशा फेरीत अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि तिसऱ्या पक्षाला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न करू शकते. हजार-पाचशेसाठी घर गहाण पडावे इतका हा धोका आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही.

पिवळ्या पाटीच्या एमएच-०७ टॅक्सीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल, तर ती मोपाला जाऊ शकते. प्रवाशांची यादी आणि प्रवास कुठून कुठे, हा तपशील मात्र सोबत हवा. विमानतळावर उभे राहून मिळेल ते भाडे उचलणे ही वेगळी गोष्ट आहे आणि गोव्यातल्या टॅक्सीचालकांशी वाद तिथेच पेटतात. पोटाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

पार्किंगचा दर कोण ठरवतो?

हा या सगळ्यातला सर्वांत कमी चर्चेचा भाग. विमान उतरण्याचे शुल्क, तिकिटात जोडले जाणारे वापरकर्ता शुल्क यांवर भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘एरा’चे नियंत्रण असते. पार्किंग त्यात येत नाही. ते दुकाने, खाद्यपदार्थ, जाहिराती यांच्या रांगेत बसते. मोपा विमानतळ जीएमआर समूहाच्या कंपनीने ४० वर्षांच्या करारावर उभारला आणि चालवायला घेतला. पार्किंगचे उत्पन्न अशा कंपन्यांच्या हिशेबात मोलाचे असते. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार अशा उत्पन्नातला ३० टक्के भाग विमानविषयक शुल्क कमी ठेवण्यासाठी धरला जातो. म्हणजे तुम्ही पार्किंगला मोजलेल्या पैशातला काही अंश सर्वच प्रवाशांच्या तिकिटाला हातभार लावतो. दिलासा म्हणून हे फार पातळ आहे.

तुलनेसाठी टोलचे पाहा. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोल नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. २०२४-२५ मध्ये तो ३४० रुपयांना होता. विमानतळाच्या पार्किंगला असा स्थानिकांसाठीचा देशव्यापी नियम नाही. विमानतळाच्या शुल्कांवरून पेडण्यातल्या टॅक्सीचालकांनी आंदोलने केली, तेव्हा तो गोव्याच्या राजकारणाचा विषय झाला. बांद्याच्या गाडीवाल्याचा आमदार त्या सभागृहात बसत नाही.

गाडी ठेवावी की कोणाला सोडायला न्यावे?

साधे गणित करू. घरापासून विमानतळ ३० किलोमीटर धरा. स्वतः गाडी नेऊन तिथे ठेवली, तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर. कोणी सोडायला आणि पुन्हा न्यायला आले, तर गाडी १२० किलोमीटर धावते. जादा ६० किलोमीटरला, लिटरमागे १५ धरून, चार लिटर पेट्रोल. लिटर १०० रुपये धरला तर ४०० रुपये. पार्किंगचे एकूण बिल याहून जास्त होत असेल, तर सोडायला नेणे स्वस्त. एका दिवसाच्या कामासाठी गाडी ठेवणे बहुधा परवडते, आठवड्याच्या सहलीला नाही. सोडणाऱ्याच्या मोडलेल्या दोन झोपा या गणितात धरलेल्या नाहीत. न्यायला येणाऱ्याने मात्र विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत बाहेरच थांबावे. टर्मिनलसमोरची मोफत मिनिटे बॅगा येण्याआधीच संपतात.

ठेवलेल्या गाडीला काही झाले तर?

पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते. ते वाक्य प्रत्येक वेळी अंतिम नसते. हॉटेलच्या ताब्यात किल्ली देऊन ठेवलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात, केवळ या वाक्यावर हॉटेलला जबाबदारी झटकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्हटले. पण तिथे गाडीचा ताबा दिला होता. आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली असेल, तर दावा तितका सरळ राहत नाही. त्यामुळे आधार स्वतःच्या विम्याचा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. पावतीचा आणि जागेच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर पावती हरवून पाऊण तास आपलीच गाडी आपली आहे हे पटवून दिल्यानंतर मला ही सवय लागली.

गाडी किती काळ गोव्यात ठेवता येते?

कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. मोपाला नोकरीला जाऊन रात्री बांद्याला परतणाऱ्याला हे लागू होत नाही. उलट, राहायचे सावंतवाडीत आणि नवी गाडी मात्र जीए नंबरची, हा मार्ग नियमात बसत नाही. मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाची जागा ज्या राज्यात आहे आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, तिथेच नोंदणी करायची असते. खरेदी गोव्यातल्या शोरूममधून केली तरीही.

परतताना टाकी गोव्यात भरून घ्यायला हरकत नाही. पेट्रोल तिकडे स्वस्त आहे. डिकीत गोव्याची दारू असेल, तर मात्र इन्सुली येथील राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाक्यावर प्रवास थांबू शकतो. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बाटल्यांसोबत गाडीही जप्त होऊ शकते, मग ती गाडी तुमची असो की तुम्हाला न्यायला आलेल्या शेजाऱ्याची.