आधी गादी, मग बाकीचं

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक यादी फिरत होती. शाळेत एक वर्ग रिकामा झालाय (तुकड्या का कमी झाल्या हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी). तर त्या वर्गाची 'मार्शल आर्ट्स रूम' करायची आणि आपण सगळ्यांनी मिळून पैसे द्यायचे. कल्पना झकासच आहे. यादी मात्र अशी होती: पंचिंग बॅग 4, ग्लोव्हज 20 जोड, एका भिंतीला पूर्ण आरसा, समोरच्या भिंतीवर ब्रूस लीचं मोठ्ठं चित्र, नानचाकू 10, म्युझिक सिस्टिम, आणि अगदी शेवटी एक ओळ: 'मॅट (बजेट उरल्यास)'.

माझं मत विचाराल तर ही यादी खालून वर वाचायला हवी. आणि मॅटचे पैसे जमणार नसतील तर ही खोली करूच नये. त्यापेक्षा मैदानावर मातीत शिकवा. हे मी गंमत म्हणून म्हणत नाहीये.

शाळेत असताना मी तीन वर्षं ज्युडो शिकलो. पहिले दोन महिने आम्ही कोणालाही आपटलं नाही, नुसते पडत होतो. मागे पडायचं, बाजूला पडायचं, पुढे कोलांटी घेऊन पडायचं. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि हात जमिनीवर जोरात आपटायचा. जपानीत याला 'उकेमी' म्हणतात. तेव्हा प्रचंड कंटाळा यायचा. पण मार्शल आर्टच्या वर्गात मूल मारायला शिकायच्या कितीतरी आधी पडायला लागतं, आणि पडतं ते जमिनीवर. आपल्याकडच्या शाळांत ती जमीन म्हणजे शहाबादी फरशी, कोटा नाहीतर टाइल्स.

आता थोडं गणित. (इंजिनिअर आहे, राहवत नाही.) एक मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीला लागताना त्याचा वेग सेकंदाला साधारण 4.4 मीटर असतो, म्हणजे ताशी 16 किलोमीटर. रस्त्यावर हा वेग कोणी वेग म्हणून मोजणार नाही. पण प्रश्न वेगाचा नाही, थांबायला किती जागा मिळते याचा आहे. फरशीवर समजा 5 मिलीमीटरमध्ये सगळं थांबलं, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट. गादी दबून 2 सेंटीमीटर जागा मिळाली तर 50 पट. मूल तेच, पडणं तेच, फक्त दीड सेंटीमीटरचा फरक. प्रत्यक्षात हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे हे मान्य. पण पैसे कशावर घालायचे हे ठरवायला एवढा पुरे.

हे आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीत जाऊन बघा. हौद्यातली लाल माती नुसती आणून टाकलेली नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, ती रोज खणून भुसभुशीत करतात, आणि हे काम पोरांनीच करायचं असतं. गदा, डंबेल्स, आरसा हे सगळं नंतर. आधी हौदा, कारण हौद्याशिवाय तालीम होतच नाही. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीची नावं पैलवान कशावर पडतो त्यावरून आलेली! आणि त्या दोन्हींत केवढा फरक आहे हे खाशाबा जाधवांना विचारायला हवं होतं. मातीत तयार झालेला हा माणूस 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतला.

ज्युडोची गोष्टही तीच. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान सुरू केलं, तेव्हा ती जागा होती 12 चटयांची. चटई म्हणजे तातामी. खोलीचं मापच चटयांत. सामानात काय होतं? चटया आणि माणसं. कानो स्वतः हाडाचे शिक्षक होते, हेही इथे सांगायला हवं.

बरं, 'मॅट' म्हणजे कुठली मॅट? इथे दुकानदार हमखास टोप्या घालतात. एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या चौकोनी मॅट मिळतात, एक मीटर बाय एक मीटर, 20 मिलीमीटरपासून 40 पर्यंत. कराटेचे काता, किक्स, पायांची हालचाल यासाठी 20-25 चालते. उचलून टाकायचं असेल तर 40 च हवी, शक्य असेल तर ज्युडोची खरी, घट्ट दाबलेल्या फोमची, एक बाय दोन मीटरची, तळाला न घसरणारा थर असलेली. जास्त मऊ म्हणजे जास्त चांगली असंही नाही हं. झोपायच्या गादीसारख्या मॅटमध्ये पाऊल रुततं, वरचं शरीर वळतं आणि घोटा मुरगळतो. आणि मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत ठासून बसवा, नाहीतर कडेला लाकडी चौकट ठोका. गुळगुळीत टाइल्सवर मोकळी टाकलेली मॅट चार दिवसांत सरकते, मध्ये फट पडते आणि त्या फटीत कोणाचा तरी अंगठा जातो.

आता तुम्ही म्हणाल, मॅट टाकली की झालं सुरक्षित? नाही ना! जपानचं उदाहरण बघा. तिथे 2012 पासून माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युडो, केंदो किंवा सुमो यांपैकी काहीतरी, सक्तीचं झालं. त्याच सुमाराला नागोया विद्यापीठाच्या रियो उचिदा यांनी शाळांमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून मांडलं की 1983 पासूनच्या साधारण तीन दशकांत शाळांच्या ज्युडोत शंभराहून जास्त मुलं गेली आहेत. त्यांत नवशिक्यांचं प्रमाण मोठं होतं आणि बरेचसे मृत्यू डोक्याच्या दुखापतीने झालेले. आणि हे अशा देशात, जिथे तातामीची काही कमी नाही. मानेला जोराचा हिसका बसून मेंदू आत फिरला की डोकं जमिनीला न लागताही रक्तवाहिनी तुटू शकते. तिथे मॅटची जाडी कामाची नाही. तिथे पडायला न शिकलेल्या पोराला टाकायचं नाही हे कळणारा शिक्षक लागतो, आणि 'डोकं दुखतंय' म्हणणाऱ्या पोराला 'नाटकं नकोत' न म्हणता त्याच मिनिटाला घरच्यांना फोन करणारा. म्हणजे मॅट हवीच, पण तिच्यानंतरचे पैसे बॅगकडे नाही, शिक्षकाच्या मानधनाकडे जायला हवेत.

बॅगवर माझा एवढा राग का? एक तर एका बॅगवर एका वेळी एकच मूल. तासाला 40 मुलं, चार बॅग, म्हणजे 36 जण रांगेत उभे राहून एकमेकांना चिमटे काढणार. त्यापेक्षा हातात धरायचे पॅड घ्या. एक धरतो, एक मारतो, दोघंही शिकतात, आणि तास संपला की सगळं कपाटात. दुसरं म्हणजे 30 किलोची झुलणारी बॅग टांगायची कशाला? आमच्या शाळेची ती बाजू कौलारू आहे आणि मधली भिंत साडेचार इंची विटांची. तिच्यात बोल्ट मारून बॅग लटकवली तर पहिला नॉकआउट भिंतीचाच होईल :)

आरसा एकाच भिंतीला आणि तोही जिथे कोणी आपटणार नाही अशा बाजूला, किंवा नाहीच. त्या पैशांत भिंतींना आणि खिडकीखालच्या कट्ट्याला खांद्याच्या उंचीपर्यंत फोमचं पॅडिंग होईल. पंख्यांना जाळी. नानचाकूंबद्दल मी काही बोलत नाही, आठवीतल्या मुलांचे पालक बोलतील.

आणखी एक मुद्दा ग्रुपवर कोणीच काढला नाही. सरकारी शाळांत मुलींना स्वसंरक्षण शिकवण्यासाठी समग्र शिक्षेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, सहावी ते बारावीसाठी, तीन महिने, शाळेला महिन्याला 5000 रुपये. तीन महिन्यांत कोणी योद्धा होत नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. हे पैसे शिकवण्यासाठी आहेत, जमिनीसाठी नाहीत. आपल्या शाळेपासून दोन किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. आपली खोली शनिवारी दुपारी रिकामीच असणार. त्या मुलींना फरशीवर का पडायला लावायचं? यावर दोघांनी अंगठा दाखवला आणि एकाने 'लायबिलिटीचं काय?' विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण तो आपल्या मुलांच्या बाबतीतही तेवढाच रास्त होता, तेव्हा कोणी विचारला नव्हता. विमा काढायचा तर दोघांचा मिळून काढा.

शेवटचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, तो म्हणजे साफसफाई. चाळीस पोरं अनवाणी, घामाने थबथबलेली, वरून कोकणातला पावसाळा. मॅट दोन महिने उचलली नाही तर खाली बुरशी धरते आणि पोरांच्या अंगावर गजकर्ण उठतं. मॅटवर लोळणाऱ्या सगळ्याच खेळांत हा त्रास जुना आहे. चपला दाराबाहेर, रोज जंतुनाशकाने पुसणं, महिन्यातून एकदा सगळ्या मॅट उचलून उभ्या करून वाळवणं, एवढं लागतंच. हे करणार कोण? आपण पुण्यात आणि बंगलोरात बसून पैसे पाठवणार, आणि काम पडणार शाळेतल्या मावशींच्या अंगावर, ज्या आत्ताच अकरा वर्ग झाडतात. म्हणून मी माझ्या वाट्याच्या पैशांबरोबर एक अट पाठवली आहे. ब्रूस लीच्या चित्राचे जे 18 हजार ठरलेत, ते मावशींना महिन्याला दीड हजार याप्रमाणे वर्षभर जादा द्यायचे, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीत ही ओळ सगळ्यात वर टाकायची.