चार अक्षरांत माणूस मावेल?

लग्न जुळवताना रास, गण आणि नाडी विचारण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. आता मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षण-वर्गांत आणि करिअर मार्गदर्शनाच्या दालनांत नवाच प्रश्न ऐकू येतो : तुमचा 'टाइप' कोणता? उत्तर चार इंग्रजी अक्षरांत येते आणि त्या अक्षरांवर माणूस स्वतःविषयी बरेच काही ठरवून मोकळा होतो. म्हणूनच ही अक्षरे त्याच्या हाती ठेवणारा समुपदेशक नेमके काय शिकून आलेला असतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

या चाचणीचे नाव मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. स्विस मनोविश्लेषक कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार करायला घेतली. दोघीही पेशाने मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. माणूस बहिर्मुख की अंतर्मुख, त्याचे लक्ष तपशिलाकडे की शक्यतांकडे, निर्णय तर्काने की भावना जाणून, आणि ओढा आखीव कामाकडे की ऐनवेळच्या मोकळिकीकडे, अशा या चार जोड्या. त्यांतून १६ प्रकार होतात.

ही चाचणी वापरू इच्छिणाऱ्यांसाठी खास प्रशिक्षण असते. ते अवघ्या काही दिवसांचे, आणि मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांनाही घेता येते. या वर्गांतला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी नेहमीच्या हाताने सही करायची, मग दुसऱ्या हाताने. दुसरी सही वेडीवाकडी येते, पण येते. बोध असा की चाचणी 'पसंती' सांगते, 'कुवत' नव्हे. अंतर्मुख माणूस उत्तम विक्रेता होऊ शकतो. त्याला कदाचित त्यासाठी अधिक श्रम पडतील, इतकेच.

प्रशिक्षणातला दुसरा धडा अधिक मोलाचा. निकालाचा कागद थेट हातात द्यायचा नाही. आधी चारही जोड्या समजावून सांगायच्या, समोरच्याला स्वतःचा अंदाज बांधू द्यायचा, मग निकाल दाखवायचा. दोन्ही जुळले नाहीत तर अखेरचा शब्द त्या व्यक्तीचा. चाचणी स्वेच्छेने द्यायची, निकाल गोपनीय ठेवायचा, आणि नोकरीसाठी उमेदवार निवडायला किंवा गाळायला तो मुळीच वापरायचा नाही, हेही नियमात बसवलेले आहे. नियम उत्तम आहेत. पण साहेबानेच सगळ्या विभागाला चाचणी द्यायला बसवले, तर कोणता कर्मचारी 'मला नको' म्हणेल?

आक्षेप इथेच संपत नाहीत. शालान्त परीक्षेत ३४ गुणांचा मुलगा नापास आणि ३५ चा पास. दोघांच्या अभ्यासात फरक तो कितीसा? या चाचणीतही मधल्या रेषेच्या किंचित अलीकडचा अंतर्मुख ठरतो आणि किंचित पलीकडचा बहिर्मुख. बहुतेक माणसे तर मध्याच्या आसपासच असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचे एखादे अक्षर बदलते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९१ मध्येच असा निष्कर्ष काढला होता की करिअर मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

मग माणसे 'अगदी माझेच वर्णन!' असे का म्हणतात? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचे' म्हणून वर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. वस्तुतः वर्णन सर्वांना एकच होते, आणि त्यातली वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. म्हणजे समोरच्याने मान डोलावली, एवढ्याने निकाल खरा ठरत नाही. अखेरचा शब्द त्या व्यक्तीचा, हा नियम माणुसकीचा आहे. तो पुरावा नव्हे. समुपदेशकाला ही शंका शिकवली जात नसेल, तर त्याचे प्रशिक्षण अर्धेच राहिले असे म्हणावे लागेल. अडचण अशी की चाचणी विकणाऱ्यांच्याच मान्यतेने प्रशिक्षण चालते, आणि आपल्याच मालाविषयी शंका शिकवणारा विक्रेता विरळा.

याचा अर्थ ही चाचणी टाकाऊ आहे असा नव्हे. घरात किंवा कचेरीत दोन माणसांचे का पटत नाही, हे कोणालाही दोष न देता बोलण्याची भाषा ती पुरवते. जाणत्या समुपदेशकाच्या हाती ती संवादाची सुरुवात असते. अर्धवट शिकलेल्याच्या हाती मात्र तिचा शिक्का होतो, आणि तो मुलांवर लवकर बसतो. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली, तेव्हा अनेक घरांनी मुलांच्या वाटा चाचणीतून शोधल्या. ती चाचणी वेगळ्या जातीची. पण पंधराव्या वर्षी लागलेले लेबल पुसणे किती कठीण, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

तेव्हा मुलाला किंवा स्वतःला अशा चाचणीला बसवण्यापूर्वी समुपदेशकाला चार प्रश्न जरूर विचारावेत. तुमचे शिक्षण काय आणि किती दिवसांचे? निकाल आणखी कोण पाहणार? या निकालावरून काय सांगता येत नाही? आणि मला तो पटला नाही, तर तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला सविस्तर देता येते, त्याच्यासमोर निर्धास्तपणे बसावे.