घरगुती हसण्याची हेटाळणी कशासाठी?

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचे नाव काढताच आमच्यातील काही सुविद्य मंडळींच्या कपाळाला आठी पडते. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत कीर्तन असावे, गायन असावे, बालगोपाळांचे नाट्यप्रवेशही असावेत, याला त्यांची ना नाही. परंतु एखाद्या जुन्या मालिकेचे दोन भाग सभामंडपात पडदा लावून दाखवावेत, असे कोणी सुचविले की लागलीच विचारणा होते : ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ! देवाच्या दारी याचे काय काम?’ विचारणाऱ्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. स्मरणशक्तीविषयी मात्र आहे.

देवाच्या दारी हसण्याचे काय काम, हे ज्यास ठाऊक नाही त्याने कोकणात किंवा गोव्यात एकदा जत्रेच्या रात्री दशावतार पाहावा. वेद चोरून नेणारा संकासूर तेथे अवतरतो तो लोकांस भिववण्यासाठी नव्हे. त्याच्या चाळ्यांना अवघा गाव पोट धरून हसतो, आणि देऊळ काही बाटत नाही. नाथांनी भारुडांतून किती सोंगे आणली! आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आमच्या बालाघाटच्या शेजारी, वैनगंगेच्या खालच्या अंगाला झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हसविले आहे. राहिली गोष्ट परदेशी असण्याची. कीर्तनकाराच्या मागे जी बाजाची पेटी सूर धरते, ती कोणत्या ऋषींनी दिली, हे आक्षेपकांनी एकदा सांगून टाकावे!

हा प्रकार परदेशातून आला हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेत १९५१ साली ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. तेच घर, तीच माणसे, दर खेपेस एक नवी अडचण, आणि अर्ध्या तासात सारे पुन्हा पूर्वपदावर : हा साचा तिने जगभर रूढ केला. तिच्या चालकांनी आणखी एक शहाणपण केले. समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे लावून, त्यांनी प्रत्येक भाग चित्रपटाच्या फितीवर टिपून ठेवला. त्या काळी कितीतरी कार्यक्रम प्रक्षेपित होताच हवेत विरून जात. हा राहिला, म्हणूनच पुनःपुन्हा दाखविता आला. चिरंजीवित्व केवळ गुणाने लाभत नाही. कोणीतरी पेटी जपून ठेवावी लागते.

परंतु साचा परका असला तरी त्यात ओतलेला रस आमचाच होता. मुंबई दूरदर्शनवर १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिले त्यांस अधिक सांगणे नको. या जोडीचे जनक चिं. वि. जोशी हे पालीचे पंडित, आणि त्यांची हयात गेली बडोद्यास. भोवती गुजराती भाषा, घरात मराठी, आणि लेखणीतून उतरलेले हे भाबडे, फजीत होणारे पांढरपेशे कुटुंब! मराठीतील हा घरगुती विनोद महाराष्ट्राच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातून फुलावा, हा आम्ही केवळ योगायोग मानीत नाही. परक्या वस्तीत राहणाऱ्यास आपल्या घराचे वेंधळेपण अधिक स्वच्छ दिसते.

बालाघाटच्या मराठी घरांचे प्राक्तनही काहीसे असेच. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती तोवर मराठी आणि हिंदी एका छपराखाली नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही अलीकडेच राहिलो. गोंदिया हाकेच्या अंतरावर, पण राज्य निराळे, शाळेची भाषा निराळी. मुंबई केंद्राचा चिमणराव त्या वेळी सातपुड्याच्या या कुशीत पोहोचला नाही. आमच्या घरात हसे आले ते दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून, हिंदीतून.

१९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली. ती लिहिली शरद जोशी यांनी, म्हणजे उज्जैनला जन्मलेल्या आमच्याच प्रांतीच्या व्यंगकाराने. कोकणात जन्मलेले शफी इनामदार तीत गृहस्थ झाले होते, स्वरूप संपत त्यांची पत्नी. आणि सतीश शहा दर भागात नवे सोंग घेऊन दारात उभे राहत. सोंग हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे.

त्यानंतर १९८८ साली आले वागळे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला हा साधा नोकरदार कुंदन शहा यांनी पडद्यावर आणला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी तो संसार थाटला. वागळे हे आडनाव आमच्या वाचकांस नवे नाही. सारस्वतांच्या पंक्तीत ते हटकून भेटते. पण हे वागळे दांपत्य बोलत होते हिंदी! पुण्या-मुंबईकडच्या कोणास हे विसंगत वाटले असेल. आम्हांस ते आमचेच चित्र वाटले. नाव मराठी, देवघर मराठी, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच जिभेवर हिंदी : असा संसार राष्ट्रीय पडद्यावर कोणी मांडला तो प्रथम या वागळ्यांनी. त्यांच्या संसारात अद्‌भुत काहीच घडत नव्हते. पगार पुरत नाही, शेजाऱ्याची भीड मोडवत नाही, कचेरीत वरिष्ठांपुढे शब्द फुटत नाही. एवढ्याशा भांडवलावर ते घर चाळीस वर्षे होत आली तरी लोकांच्या मनात उभे आहे. २०२१ साली त्याच कुटुंबाच्या पुढील पिढीची मालिका काढावीशी वाटली, ती उगीच नव्हे.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. वागळ्यांच्या घरचे हसे बहुतांशी स्मिताच्या कोटीतले : दात न दिसता ओठाच्या कडेला उमटणारे. आज विनोद या नावाखाली जे दाखविले जाते त्यात एखाद्याच्या स्थूलपणावर, वर्णावर, पुरुषाने नेसलेल्या लुगड्यावर गडगडाट चालतो. प्रेक्षक हसला नाही तर यंत्र हसते! हसण्याचे हे यंत्रही अमेरिकेतच, चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात बनविले. आक्षेपकांस परदेशी खूळच हुडकावयाचे असेल तर त्यांनी खुशाल याच्या पाठीस लागावे. आम्ही काठी घेऊन बरोबर येऊ.

जुने ते सारे सोने, असा मात्र आमचा दावा नाही. १९९३ ची ‘जबान संभालके’ ही ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली. तीत नाना प्रांतींच्या माणसांच्या हिंदी बोलण्याची टर उडविली आहे, मराठी माणसाचीही. पंकज कपूर यांचा अभिनय मान्य करूनही आम्ही ती उत्सवात दाखविणार नाही. बालाघाटात शाळेत जाणाऱ्या मराठी पोराला ती थट्टा फुकट मिळते. गृहिणीस वेंधळी ठरवून हसे मिळविण्याची खोडही त्या काळच्या बऱ्याच मालिकांस होती. निवड करावीच लागेल. पण कीर्तनकार बोलाविताना आपण निवड करीत नाही काय?

कोणी म्हणतात, आजच्या मुलांस हे कळणार नाही. ट्रंक कॉल आणि गॅसच्या नंबराची प्रतीक्षा त्यांनी पाहिलेली नाही. २०२० साली टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखविल्या, तेव्हा आमच्या घरांतली मुले आजोबांच्या शेजारी बसून हसत होती. न कळलेल्या जागी त्यांनी विचारले, आणि आजोबांनी सांगितले. ते सांगणे मराठीत झाले. पडद्यावरची हिंदी आणि बाजेवरची मराठी यांच्यामध्ये घराघरांतून असे जे बोलणे झाले, तेवढे मराठी बोलणे शाळेच्या दिवसांत आठवडाभरातही होत नाही. आमच्या भाषेची काळजी वाहणाऱ्यांनी तरी या मालिकांस दारातून परत पाठवू नये.

तेव्हा उत्सवाच्या बैठकीत आमची सूचना अशी राहील : एका संध्याकाळी, आरती झाल्यावर, वागळ्यांचे दोन भाग दाखवावेत, पुढच्या खेपेस चिमणराव मिळवावा, कारण आमच्या गावाने तो वेळेवर पाहिलाच नाही. ध्वनिवर्धकाचा आवाज बेताचा ठेवावा. आणि ज्यांस ते गैर वाटते त्यांनी मागच्या रांगेत बसून, तोंडावर उपरणे धरून का होईना, एक भाग पुरा पाहावा; मग हरकत घ्यावी.