दोन पाहण्या

परवा शनिवारी जुनी हार्ड डिस्क आवरायला घेतली. (बायकोचा अल्टिमेटम. एकतर ती तरी आवर, नाहीतर माळा तरी.) त्यात 'परभणी सप्टें २४' नावाचं फोल्डर सापडलं. आत दोनच फोटो. एक अण्णांनी फोनवर काढलेला, आमच्या सोयाबीनचा. दुसरा त्याच आठवड्यात मी नेटवरून उतरवून ठेवलेला. हेलिकॉप्टरची खिडकी, खिडकीला नाक लावून बसलेले एक नेते, आणि खिडकीबाहेर पांढरट काहीतरी. ते पाणी होतं की ढग, हे मला आजही सांगता येणार नाही.

नेत्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. पक्ष बदला, साल बदला, जिल्हा बदला, फोटो तोच असतो. आपल्याकडे या प्रकाराला 'हवाई पाहणी' म्हणतात.

तर सांगायचा मुद्दा असा, की ही हवाई पाहणी म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. हेलिकॉप्टर महाग असतं म्हणून नाही. वर जाऊन पाहणी होतच नाही म्हणून.

आधी अण्णांच्या पाहणीबद्दल सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या गटात उभं राहून ॲप उघडायचं, कुठल्या गटात काय पेरलं ते भरायचं आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात. घरी ओसरीवर बसून काढलेला फोटो चालत नाही. कल्पना चांगली आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी स्वतः डेटावाला माणूस आहे, लोकेशन नसलेला रेकॉर्ड मलाही आवडत नाही.

मग १ आणि २ सप्टेंबर २०२४. पोळा २ तारखेला होता. परभणी, हिंगोली, नांदेड, तिन्ही जिल्ह्यांत आभाळ फाटलं. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. आमचं गाव गोदावरीच्या काठाला, पालम तालुक्यात. शेंगा भरत आलेलं सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली. बैलांना सजवायचं सोडून लोक कडब्याच्या गंजी वाचवत होते.

त्या खरिपात पीकविम्याचा नियम असा होता, की नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची. फोटोसकट. आता तीन दिवस ज्या शेतात जाताच येत नाही, त्याचा फोटो तीन दिवसांत कसा काढायचा, हे कोडं ज्याने घातलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. अण्णा बांधापर्यंत कमरेइतक्या पाण्यातून गेले. फोन पिशवीत, पिशवी दातात. रेंज नाही, ॲप फिरत राहिलेलं. मी पुण्यातून फोनवर "अण्णा, लोकेशन ऑन केलंत का?" असं विचारतोय, आणि ते म्हणतायत, "अरे बाबा, मी हितंच उभा हाय, अजून काय लोकेशन पाह्यजे तुला?"

आणि मागे आवाज. फोनमध्ये मलाही ऐकू आला.

"काय आहे हो?"

"हेलिकॉप्टर जायलंय वरून."

कुणाचं होतं, कुठे चाललं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोनेक मिनिटांत गेलं.

आता गंमत बघा. खाली उभ्या माणसाच्या पाहणीला गट नंबर लागतो, अक्षांश-रेखांश लागतात, मुदत लागते, पुरावा लागतो. वरच्या माणसाच्या पाहणीला काहीच लागत नाही. तो कुठून कुठे गेला, किती उंचीवरून गेला, त्याला काय दिसलं, याची कुठेही नोंद मिळत नाही. शब्द मात्र तोच, पाहणी! मला तर वाटतं नियम उलटे पाहिजेत. ज्याच्याकडे तासाला लाखांत भाडं असलेलं यंत्र आहे, त्याने पुरावा आणावा.

हा आपलाच आजार आहे असं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर बुश यांनी न्यू ऑर्लिन्सवरून विमान नेलं. खिडकीतून खाली बघतानाचा त्यांचा फोटो जगभर छापून आला आणि आयुष्यभर चिकटला. २०१० साली त्यांनी स्वतःच ती मोठी चूक होती असं कबूल केलं. आपल्याकडे अजून तरी कुणाला ती चूक वाटलेली ऐकिवात नाही, उलट फोटो मुद्दाम पाठवले जातात.

याच्या बरोबर उलटं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते माझं फार लाडकं आहे. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मग आग लागली, शहर बेचिराख झालं. काही आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स नावाचा फोटोग्राफर तिथे पोचला. विमानाचा शोध लागून जेमतेम तीन वर्षं झालेली, हेलिकॉप्टर तर स्वप्नातही नाही. त्याने एका बोटीवरून १७ पतंगांची माळ हवेत सोडली, तिला २० किलोच्या वर वजनाचा स्वतः बनवलेला कॅमेरा टांगला आणि सुमारे ६०० मीटर उंचीवरून एका फ्रेममध्ये अख्खं उद्ध्वस्त शहर टिपलं. गोदीपासून टेकड्यांपर्यंत. त्या पॅनोरमात आजही रस्ता न् रस्ता मोजता येतो, कुठली भिंत उभी होती ते दिसतं. वर एकही माणूस नव्हता, तरी पाहणी झाली! आपल्याकडे वर माणूस असतो. (पुढचं वाक्य तुम्हीच पूर्ण करा.)

महाराष्ट्रात हेलिकॉप्टरमधून चांगले फोटो काढणारे नाहीत असंही नाही. नौदलातल्या गोपाळ बोधे यांनी हयातभर हेच काम केलं. ते २०१४ साली गेले. उद्धव ठाकरे यांचं 'महाराष्ट्र देशा' २०१० साली आलं, किल्ले आकाशातून. पुढच्या वर्षी वारीवरचं 'पहावा विठ्ठल'. राजकारण बाजूला ठेवा, फोटो म्हणून ती पुस्तकं बघाच. ट्रेकला जाताना ज्या माचीवर आपण धापा टाकत पोचतो, तिचा आकार वरून पहिल्यांदा कळतो. म्हणजे यंत्र आहे, कॅमेरा आहे, नजर आहे. सुंदर गोष्टीसाठी वर जायचं असेल तर आपण सगळं नीट करतो.

पण परभणी म्हणजे काही राजगड नाही. सपाट, काळं रान, मधून गोदावरी, पूर्णा, दुधना. कॉफी टेबलवर ठेवण्यासारखं आमच्याकडे वरून फारसं काही दिसत नाही. "बनी तो बनी, नही तो परभणी" असं आमच्याबद्दल आम्हीच म्हणतो. त्यामुळे आमच्यावरून हेलिकॉप्टर जातं ते निवडणुकीत नाहीतर आपत्तीत. आणि दुष्काळ असला तर त्याला उतरायला पाणीही लागतं. एप्रिल २०१६ आठवतो? शेजारच्या लातूर जिल्ह्यात, जिथे रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागत होतं, तिथे बेलकुंडला तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या हेलिपॅडवर दहा हजार लिटर पाणी मारलं गेल्याची बातमी गाजली होती. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे म्हणा. पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडाली तर पायलटला जमीन दिसत नाही, म्हणून पाणी मारतात. दुष्काळ पाहायला आलेल्यांना धुळीचा त्रास होऊ नये. असो.

आता नुसती टीका नको, थोडं इंजिनिअरिंग बोलू. मी गेली काही वर्षं हौसेने पॅनोरमा शिवतो. 'ह्यूगिन' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे (मराठी माणसाने उच्चार जपून करावा). शिवण्याचं तत्त्व सोपं आहे. शेजारच्या दोन फोटोंत काही भाग सारखा हवा. गडावर उभं राहून गोल फिरत काढताना ३० टक्के पुरतो. पण वरून सरळ खाली बघत जमिनीचा मोजता येईल असा पट्टा करायचा, तर ६० टक्के किंवा जास्त. हेलिकॉप्टर थरथरतं, म्हणून शटर हजारांशाच्या आसपास. कोपर दाराला टेकवायचं नाही, नाहीतर सगळा थरकाप कॅमेऱ्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद खिडकीतून काढायचं नाही. तिच्या प्लॅस्टिकवर आतलीच प्रतिबिंबं पडतात. म्हणजे नेत्यांच्या फोटोत जे पांढरट दिसतं, त्यातला काही भाग बहुधा त्यांचाच शर्ट असावा.

हिशोब करून बघा. उंची ३०० मीटर, साधी ३५ मिमीची लेन्स, २४ मेगापिक्सलचा फुल-फ्रेम कॅमेरा सरळ खाली लावलेला. एका फोटोत सुमारे ३०० मीटर रुंदीची जमीन येते आणि एक पिक्सेल म्हणजे ५ सेंटिमीटर. ताशी १५० किमी वेगाने जाताना दर दोन सेकंदांना एक फोटो घेतला की ६० टक्के ओव्हरलॅप मिळतो. तासाला १,८०० फोटो. एका मेमरी कार्डात मावतात. प्रत्येक फोटोला जीपीएस. कॅमेरा खाली एकदा बसवला की वर बसलेल्या माणसाला काहीही करावं लागत नाही, त्यांनी खुशाल खिडकीतून बघावं.

यातून काय मिळतं? ४५ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार हेक्टर. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे एक टक्काही नाही. कबूल. पण पूर काही जिल्हाभर सारखा नसतो. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असा गोदाकाठ धरून गेलात, तर जिथे प्रश्न आहे तोच पट्टा हाती येतो.

आणि त्याचा उपयोग? मदतीच्या नियमात पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं. हे ३३ टक्के ठरवतं कोण? गावचा तलाठी (आता नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, वही तीच), कृषी सहायक आणि ग्रामसेवक, चिखलातून जमेल तितके बांध फिरून. एकेकाकडे दोन-तीन गावं. बांधावरून पहिल्या चार ओळी दिसतात, मधलं तळं दिसत नाही. आमच्या गटाचा पंचनामा झाला तेव्हा पाणी उतरून आठ दिवस झाले होते, आणि शेजाऱ्याच्या उंच रानात आणि आमच्या खोलगट रानात आकडा एकच पडला. त्या माणसाला मी दोष देत नाही. ५ सेंटिमीटरचा फोटो समोर असता तर त्यालाही वाद घालावे लागले नसते. गटांच्या हद्दी सरकारच्या भूनकाशावर आहेत. कुठल्या गटात काय पेरलं ते ई-पीक पाहणीत आहे. वरून काढलेला पट्टा त्यावर ठेवायचा, बस. तीन टेबलांचा जॉइन आहे हो हा! माझ्या कंपनीत फ्रेशरला पहिल्या महिन्यात देतात असलं काम.

"सॅटेलाइट आहेत की," असं इथे कुणीतरी म्हणणारच. आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो फुकट मिळतात, पण पिक्सेल १० मीटरचा आणि अतिवृष्टीच्या आठवड्यात वरून ढगच दिसतात. सेंटिनेल-१ रडारने ढगांतून बघतो, पण पूर शिखरावर असताना तो नेमका डोक्यावर असेलच असं नाही. "ड्रोन?" उत्तम. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप आपण केलंच आहे, पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीपासून सुरुवात झाली आणि २०२० पासून ती देशभरची स्वामित्व योजना झाली. पण पावसापाण्यात छोटा ड्रोन उडवणं अवघड, आणि २०२१च्या नियमांनी ग्रीन झोनमध्येही १२० मीटरच्या वर परवानगी लागते. ड्रोन जरूर वापरा, मी नको म्हणतच नाही. हेलिकॉप्टर उडवा असंही म्हणत नाही. ते उडतंच आहे! माझं म्हणणं एवढंच, की उडणारच असेल तर खाली एक कॅमेरा लावा आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोटो लोकांसाठी खुले करा. उड्डाणाचा मार्गही.

हे होत नाही याचं कारण पैसे नाही आणि तंत्रज्ञान तर नाहीच. फोटोत नुसतं सोयाबीन येत नाही, हे मला खरं कारण वाटतं. गोदापात्रातले वाळूचे खड्डे येतील. बुजवलेले ओढे येतील. पुलाच्या कमानी अडवून बसलेलं बांधकाम येईल. पाणी आमच्या रानात तीन दिवस का थांबलं, तेही येईल. एकदा तारीख-वेळेसह पट्टा तयार झाला की तो सगळ्यांनाच बघता येतो, आणि पुढच्या वर्षी शेजारी ठेवून ताडता येतो. खिडकीतून नुसतं बघितलं की असली काही भानगड राहत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सगळं अण्णांना ऐकवलं. लॅपटॉपवर लॉरेन्सचा फोटो दाखवला, पतंगांचं सांगितलं. पतंगांचं त्यांना आवडलं. बाकी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटू काढा न्हाईतर नका काढू. त्यो खाली उतरला असता तर निदान बुटाला चिखल लागला असता."

मला हे पटलं नाही. उतरून एका बांधावर चिखल लागेल, शंभर गावांत नाही. बराच वेळ वाद घातला आम्ही. आईने शेवटी दोघांना जेवायला उठवलं.

हार्ड डिस्कवरचा अण्णांचा फोटो आत्ता परत उघडून बसलोय. वाकडा आहे. अर्ध्या फ्रेममध्ये गढूळ पाणी, त्यातून सोयाबीनचे चार शेंडे वर आलेले, डाव्या कोपऱ्यात अंगठा. खाली अक्षांश-रेखांश, दशांशानंतर सहा आकडे. म्हणजे कागदावर ११ सेंटिमीटरची अचूकता, फोनच्या जीपीएसला जी झेपतही नाही. वेळ सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं. दुसऱ्या फोटोच्या प्रॉपर्टीज उघडल्या. लोकेशनचा रकाना रिकामा, आणि तारीख दाखवतोय ती मी डाऊनलोड केल्याची.